अंगठ्यात जोर न्हाई

जालना जिल्ह्यात माणसाला मुठीवरून ओळखणारा एकच इसम आहे आणि माझ्या नशिबाने तो माझ्या बायकोचा मामा निघाला. आधार कार्डाला दहा बोटांचे ठसे लागतात. मामांना कणकेचा एक गोळा पुरतो. तो मुठीत दाबून द्या, ते तुमचं वय, तुमचा स्वभाव, घरात नवरा-बायकोचं कितपत पटतं आणि गवार तुम्ही मोडता की चिरता, सगळं सांगून मोकळे होतात. लग्नाआधी हिला बघायला गेलो तेव्हा बाकीच्या मंडळींनी पगार विचारला, शेती विचारली. मामांनी माझा हात हातात घेतला, तळवा दाबून बघितला आणि भर बैठकीत म्हणाले, "हात लई मऊ हाये. कांदा चिरता का?" मी "हो" म्हणालो. आयुष्यात तोवर मी फक्त लिफाफे फाडले होते. या खोट्याची परतफेड मी आजही रोज संध्याकाळी करतो आहे, पण ते पुढे येईल.

मामांनी उभी हयात जालन्याच्या एमआयडीसीत, एका रोलिंग मिलमध्ये लालभडक सळयांसमोर काढली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात खोट काढायला लागतात. मामा तीर्थपुरीला घरी परतले, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाता बसवला, भंगारात मिळालेला रुळाचा तुकडा ऐरण म्हणून रोवला आणि ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांपासून भाजी चिरायच्या सुऱ्या करायला लागले. सुरी विकता का, असं विचारलेलं त्यांना खपत नाही. "इकत न्हाई, लावून देतो," असं म्हणतात. स्थळ लावून देतात तसं. मिलमध्ये लोखंडाचा रंग बघून बघून त्यांची नजर इतकी पक्की झाली आहे की चहासुद्धा ते रंगावर पितात. लग्नात, बारशात, मयतीच्या घरीही कप उजेडात धरून बघतात आणि पसंत नसेल तर खाली ठेवून म्हणतात, "जळाला. जल्दी काढायला पायजे होता." चहा करणारी बाई बिचारी गाळणीकडे बघत राहते.

सुरी लावून देण्याची पद्धत अशी. आधी ते तुमच्या घरी येतात, स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसतात आणि घरात चिरणारं जे कुणी असेल त्याच्याकडे तासभर बघतात. दुसरा कुणी पुरुष असा टक लावून बसला असता तर लोकांनी त्याला पाटासकट उचलून बाहेर ठेवला असता. पण मामांची नजर मनगटाच्या वर कधी चढतच नाही. गावातल्या कित्येक बायका त्यांना तोंडाने ठाऊक नाहीत. बाजारात कुणी "राम राम मामा" म्हटलं की आधी खाली हाताकडे बघतात, मग ओळख पटते, "हां हां, तुम्ही! कोथमीर लई बारीक करता."

मग येते कणीक. पुरीला मळतो तशी घट्ट कणीक घ्यायची, तिचा लांबट गोळा करायचा, सुरी धरल्यासारखा तो मुठीत धरायचा आणि शंभर मोजेपर्यंत सोडायचा नाही. या ठशाला मामा 'मूठ' म्हणतात. तो समोर ठेवून ते लाकडाचा दांडा घडवतात, आधी कानशीने, मग काचेच्या तुकड्याने खरवडून, मग जवसाच्या तेलात चोळून चोळून, इतका की शेवटी तो दांडा लाकडाचा न वाटता कुणीतरी आपला हात हातात घेतल्यासारखा वाटतो. मी एकदा शहाणपणाने विचारलं, "मामा, ठसाच घ्यायचा तर माती का नाही घेत?" म्हणाले, "मातीला हात लावताना माणूस अंग चोरतं. कणकेत हात खरं बोलतो." ही खरं बोलणारी मंडळी शेडमधल्या फळीवर ओळीने वाळत असतात, प्रत्येकीखाली खडूने नाव. एका पावसाळ्यात उंदीर झाले आणि त्यांनी अर्ध्या आळीच्या बायका करंगळीपासून कुरतडल्या. मामा भर दुपारी दारोदार जाऊन सांगत होते, "वहिनी, तुमची मूठ उंदरानं खाल्ली. परत द्या." त्या उंदरांना मी पोट धरधरून हसलो होतो. माणसाने उंदराला हसू नये.

सुरी तयार झाली की ती ते कधी हातातून हातात देत नाहीत. तसं दिलं तर दोघांत भांडण होतं, हा आपल्याकडचा जुना समज, आणि मामांचा त्यावर रोलिंग मिलइतका पक्का विश्वास. ते सुरी पाटावर ठेवतात, मालकाने ती उचलायची आणि एक कांदा चिरायचा. त्या वेळी मामा पाठ करून उभे राहतात. बघत नाहीत, ऐकतात. "डोळे फशिवतात, आवाज न्हाई." दांडा हाताला बसला असेल तर टक-टक-टक-टक एका तालात येतं. मग "बराबर!" असं म्हणून ते वळतात आणि चिरलेल्या कांद्याची पहिली फोड तोंडात टाकतात. हीच त्यांची मजुरी. नवीन जालन्यातल्या एका मारवाडी शेठजींनी एकदा भेट वाटायला एकसारख्या डझनभर सुऱ्या मागितल्या. मामा म्हणाले, "बारा मुठी आणा." शेठजी हसले, मामा हसले नाहीत, सौदा मोडला. पण त्याच शेठजींच्या म्हाताऱ्या आईसाठी मात्र मामांनी आपण होऊन सुरी केली. ते जैन घर, कांदा चालत नाही, म्हणून कसोटीला दुधी भोपळा घेतला, आणि दुधीचा आवाज कानाला लागेना म्हणून आधी स्वतःच्या घरी आठवडाभर दुधी चिरून ऐकला. मामींनी तो आठवडाभर खाल्ला. मामी स्वतः आजही विळीवरच चिरतात. "साऱ्या गावच्या मुठी धरल्या," त्या म्हणतात, "माझी धरायला ह्यान्ला टाईम न्हाई भेटला."

वर्षातून फक्त एक दिवस मामांचं हे सगळं बंद असतं, नागपंचमीला. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे आपण सगळेच थोडंफार पाळतो. मामा ते असं पाळतात की घरातला माणूस नखसुद्धा कुरतडू शकत नाही. एकदा मी त्या दिवशी त्यांच्यासमोर बिस्किटाचा पुडा दाताने फाडला, तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तो तसाच खिशात ठेवला.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. ही म्हणजे माझी बायको, मामांची एकुलती भाची. पहिल्या बाळंतपणाच्या रिवाजाने जन्मली आजोळी, म्हणजे मामांच्याच घरी. तिच्या पाळण्याचं शिसवी लाकूड मामांनी जपून ठेवलं होतं. बाकीचं कधीतरी वाळवीने खाल्लं, एक वीतभर तुकडा उरला, नेमका एका दांड्यापुरता. लग्नात भाचीला धारेची वस्तू द्यायची नसते, म्हणून सुरी तेव्हा राहिली. मग दरवर्षी ही विचारायची आणि मामा म्हणायचे, "अजून हात बसला न्हाई तुझा. संसारात हात बसाया टाईम लागतो बाई." अशी वर्षं गेली, आमची मुलगी कॉलेजला गेली, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी मामा आमच्या दारात पाट टाकून तासभर बसले आणि उठताना म्हणाले, "बसला. मूठ पाठवून दे." ही त्या दिवशी बारावीचा निकाल लागल्यासारखी फोन करत सुटली होती.

तिने मूठ केली, ओल्या फडक्यात गुंडाळली, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली आणि धाकट्या चुलतबहिणीच्या बाळंतपणाला निघाली. जाताना मला म्हणाली, "रविवारी ती मामांना नेऊन द्या." मी मोबाइलमध्ये बघत "हं" म्हणालो. 'हं' हा शब्द नवऱ्यांकडून काढून घेतला पाहिजे, असं माझं आता मत झालं आहे. शनिवारी दुपारी मी बियाण्यांच्या कंपनीतल्या माझ्या नोकरीवरून भुकेला घरी आलो. तिथे मी पाकिटांवरचा मजकूर तपासतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. फ्रिजमध्ये वांग्याची भाजी होती, आणि डब्यात कणीक. तिच्यावर बोटांचे खड्डे होते, पण मला वाटलं, हिने घाईत मळणं अर्धवट टाकलं असेल. मी ती पुन्हा मळली, एक जाड पोळी लाटली, भाजली, तिचा फोटो काढून हिला पाठवला. लगेच उत्तर आलं, "अगंबाई! कणीक स्वतः मळलीत?" मी लिहिलं, "त्यात काय." पाच मिनिटांत तो फोटो सासरच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. सासूबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शेवटचा घास तोंडात असताना हिचा फोन आला, "मामांची मूठ नीट आहे ना हो? डब्याला धक्का लावू नका."

मी माझ्या बायकोची मूठ वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ली होती.

शहाण्या माणसाने तिथेच कबूल केलं असतं. मी पीठ काढलं. पहिल्या खेपेला खीर झाली, दुसऱ्या खेपेला वीट, तिसऱ्या खेपेला कणीक म्हणता येईल असं काही जमलं. मग ते मी माझ्याच मुठीत धरलं, हलकेच, करंगळी जरा नाजूकपणे उचलून, म्हणजे बायकी वाटावं. रविवारी मोटारसायकलवर अंबडमार्गे तीर्थपुरी गाठली आणि डबा पुढे केला. मामांनी डोळे मिटून त्या खड्ड्यांत आपली बोटं घातली. मग म्हणाले, "अंगठ्यात जोर न्हाई बिलकुल."

"नाही का?" मी म्हणालो.

"न्हाई. आन् पंजा वाढलाय. लई काम पडतं का हो पोरीला तुमच्याकडं?" त्यांनी माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं की मी पाणी मागितलं. "काम करून राह्यली, पण मन न्हाई तिचं कामात. ही करंगळी बघा. ही काम टाळणाराची करंगळी हाये, जावईबापू. असं कसं झालं आमच्या पोरीचं?"

स्वतःच्या चारित्र्याचा असा बिनचूक पंचनामा ऐकून घेताना मान डोलवायची पाळी फार थोड्यांवर येते. मी डोलावली.

दीड महिन्याने मामांनी बोलावलं. पाटावर सुरी होती. रोज वापरायची इतकी देखणी वस्तू मी कुठल्या घरात बघितली नाही. पातं पाण्यासारखं, आणि शिसवीचा तो काळा-तांबूस दांडा, त्यातून मधाच्या धारेसारखी एक रेघ आरपार गेलेली. हिने आधी नमस्कार केला, मग सुरी उचलली. मामा पाठ करून उभे राहिले. टक. टक-टक. थांबून, टक. मामींनी दारातून डोकं आत घातलं. "थांब," मामा म्हणाले. ते वळले, भाचीची बोटं एकेक करून उघडून त्यांनी बघितली. दांडा तिच्या हातात मोठा पडत होता, अंगठा भलतीकडेच घसरत होता. ही म्हणाली, "होईल सवयीने, मामा." मामांनी कांद्याची फोड उचलली नाही. सुरी धुतली, पुसली, परत फडक्यात गुंडाळली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आजवर एक वापस आल्ती न्हाई. हात गेला माझा." फळीवरच्या तीन बायकांच्या मुठी त्याच संध्याकाळी त्यांनी ज्यांच्या त्यांना परत केल्या.

जालन्याला येईपर्यंत ही मागे बसून रडत होती. "शेवटचं लाकूड होतं हो ते," एवढंच म्हणाली. आणि मी, पोळी लाटणारा, कणीक मळणारा, सासरचा लाडका, समोर रस्ता बघत होतो. पंधरा दिवस मी रोज ठरवलं, आज सांगू. रोज कुठून तरी त्या पोळीचं कौतुक आलं. मग मामींचा फोन आला. "खातेत पितेत, पण त्या शेडात जात न्हाईत. भाता सोडून ठिवला. उद्या भंगारवाला येऊन राह्यला ऐरण न्यायला. तुम्ही तरी सांगून बघा, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा भंगारवाल्याने रुळाचं एक टोक उचलून हातगाड्यावर टेकवलं होतं. मी हेल्मेट न काढताच ओरडलो, "मामा, ती मूठ मी खाल्ली!"

"काय खाल्ली?"

"मूठ. तुमच्या भाचीची. वांग्याच्या भाजीसंगं."

भंगारवाल्याने ऐरण हळूच खाली ठेवली. त्याला आता जायची घाई उरली नव्हती. मी सगळं सांगितलं, फोटोसकट. मामा आत गेले, फडकं आणलं, सुरी दगडावर ठेवली, बाजूला कांदा ठेवला आणि पाठ करून उभे राहिले. मी सुरी उचलली. काय सांगू, मला चिरता येत नव्हतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तो दांडा माझ्या हातात असा येऊन बसला की माझ्या अंगठ्याला जन्मात पहिल्यांदा आपली जागा कळली. चार कापांनंतर मामा वळले, माझी बोटं उघडून त्यांनी बघितली आणि एवढ्या जोरात "बराबर!" म्हणाले की मामी बाहेर आल्या. मग त्यांनी कांद्याची फोड तोंडात टाकली, भंगारवाल्याला एक दिली, आणि चावता चावता त्यांना काहीतरी आठवलं.

"म्हंजे ती कामचोर मूठ तुमची होती!"

"हो."

"मी म्हणूनच राह्यलो, आमच्या पोरीचा हात असा नसतो!" आणि मामा ऐरणीवर बसून डोळे पुसत हसले. मला वाटतं, दोन-तीन वेळा ते कांद्यामुळे पुसले नसावेत.

घरी माझ्यावर खटला चालला. निकाल हिने दिला: ज्याच्या हाताला सुरी बसली त्यानेच चिरायचं. तेव्हापासून आमच्या घरचा प्रत्येक कांदा, भेंडी, कोबी माझ्या हातून जातो, तिच्या पाळण्याच्या लाकडाने. मामांनी तिला दुसरी करून द्यायचं कबूल केलं, या वेळी आमच्याकडे येऊन स्वतः समोर बसून मूठ घेतली आणि डबा मांडीवर धरून घेऊन गेले. लाकूड जुन्या तिफणीच्या बाभळीचं. पण दीड महिन्याच्या जागी वर्ष गेलं. मधे एकदा गेलो तेव्हा मामा बशी दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते. रंग काही बघितला नाही.

यंदा श्रावणात त्यांनी बोलावलं, नागपंचमीच्या दिवशी. मामींनी पुरणाचे दिंड उकडले होते. मामांनी पाटावर सुरी ठेवली आणि म्हणाले, "घे बाई." हिने उचलली. नेहमीप्रमाणे मी कांदा शोधायला लागलो तर ते म्हणाले, "आज चिरायचं न्हाई हो. पंचमी हाये. ध्यानातच न्हाई राह्यलं बघा." बिस्किटाचा पुडासुद्धा फाडू न देणाऱ्या माणसाच्या पंचमी ध्यानात राहिली नव्हती. मी हिच्या हाताकडे बघितलं. आता मलाही थोडं कळतं. तिची करंगळी दांड्याच्या बाहेर लोंबत होती. दांड्याच्या पोटाशी कानस एका जागी जास्त खोल गेली होती, थरथरून गेल्यासारखी. तिने मूठ घट्ट केली आणि म्हणाली, "बराबर बसली मामा." मामा खिडकीकडे तोंड करून उभे होते. मामींनी माझ्या ताटात तिसरा दिंड वाढला, मी न मागता. आयुष्यात पहिल्यांदाच मी योग्य वेळी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येईल असं वाटलं. आला नाही. संध्याकाळी हिनेच लावला. "मामा, आवाज ऐका," म्हणाली आणि मला डोळ्याने खुणावलं. फोन तिने पाटापाशी धरला आणि मी माझी, शिसवीच्या दांड्याची सुरी घेऊन कांदा चिरला, जमेल तितक्या तालात, अख्खा. टक-टक-टक-टक. मग मामा म्हणाले, "बराबर हाये." ही हसली, मी सुरी खाली ठेवली, तेवढ्यात फोनमधून पुन्हा आवाज आला.

"आन् जावईबापूंना सांग बाई. अंगठ्यात जोर आलाय आता."

फोन बंद झाला. हिने तो ओट्यावर ठेवला. मग तिने बाभळीच्या दांड्याची सुरी घेतली, मेथीची जुडी पुढे ओढली आणि करंगळी बाहेर ठेवून चिरायला लागली. टक. टक-टक. टक. तीर्थपुरी काही हाकेच्या अंतरावर नाही, तरी मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.